न्हाणीघरातला गिझर आणि भिंतीवरचा अलार्म

चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. पुण्या-मुंबईकडच्या फ्लॅटमधलं न्हाणीघर साधारण एवढंच असतं. त्यात हवा मावते साडेपाच घनमीटरच्या आत. याच खोलीच्या भिंतीवर सहा लिटरचा गॅस गिझर असेल, तर पूर्ण ज्योतीवर तो तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर खोलीतल्या एकूण ऑक्सिजनच्या एक तृतीयांशाहून जास्त. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या काचपट्ट्यांमधून थोडी हवा येत राहते, म्हणून बहुतेक सकाळी काही होत नाही. पण हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून अठराच्या आसपास उतरला की ज्योत बिघडू लागते. इंधनातल्या कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकच मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड.

दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला एकामागून एक नंबर लागतात. थंडी असते, खिडकी बंद असते, गिझर जेमतेम मिनिटभर थांबतो. अशा वेळी शेवटी आंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांत बिघडलेली हवा येते, आणि हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. एलपीजीचा जो उग्र वास आपल्याला माहीत आहे तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. गळती नाकाला कळावी म्हणून केलेली ती सोय आहे. ज्योतीत एलपीजीबरोबर मर्कॅप्टनही जळून जातं, आणि मागे उरलेल्या विषारी वायूची वर्दी द्यायला काहीच शिल्लक राहत नाही. ‘गॅसचा वास तर अजिबात येत नव्हता’ असं अशा दुर्घटनेनंतर घरचे सांगतात, ते अगदी खरं असतं.

शरीरात काय होतं ते फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलतं आणि पेशींपर्यंत पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. माणूस मोकळ्या हवेत आला तरी त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-सव्वा तासात तेवढं काम होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आईच्या रक्तापेक्षाही चिवटपणे धरून ठेवतं, म्हणून गरोदर बाईला थोडंसंच वाटलं तरी बाळाला जास्त इजा झालेली असू शकते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. चक्कर आलेल्या माणसाच्या बोटाला आपण तो लावतो, ९८ दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. पण साधा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या आधारे रक्ताचा अंदाज घेतो, आणि त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन जवळजवळ सारखंच दिसतं. रक्तातलं पाव हिमोग्लोबिन विषाने अडवलेलं असतानाही यंत्र ९८ दाखवू शकतं. रुग्ण निळाही पडत नाही. तेव्हा या एका बाबतीत ऑक्सिमीटरवर मुळीच विसंबू नये. खरं उत्तर रुग्णालयातल्या रक्ततपासणीतून मिळतं, आणि ती तपासणी डॉक्टर तेव्हाच करतील जेव्हा त्यांना कोणीतरी सांगेल की हा माणूस गॅस गिझर चालू असलेल्या बंद न्हाणीघरात सापडला.

सुरुवातीची लक्षणं इतकी रोजची असतात की संशयच येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पाय लटपटतात. आपण म्हणतो, पित्त झालं. उपाशीपोटी कडक पाण्याने आंघोळ केली म्हणून चक्कर आली. लिंबूपाणी पिऊन माणूस बाहेरच्या खोलीत बसतो, बरं वाटतं आणि विषय संपतो. खरं तर बाहेर आल्यावर बरं वाटणं हीच मोठी खूण आहे. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखणं, ताप मात्र कोणालाच नसणं, ही दुसरी. न्हाणीघरात पडलेल्या आणि फिट आलेल्या रुग्णांबद्दल भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे. गिझरची चौकशी झाली नाही तर असा माणूस अपस्माराचा रुग्ण ठरून वर्षानुवर्षं गोळ्या खाऊ शकतो. जीव वाचला तरी कधीकधी दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल असे त्रास नव्याने सुरू होतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय, कशाला दवाखाना’ हे चालणार नाही.

हे दुर्लक्ष भल्याभल्यांच्या हातून झालं आहे. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या घरी शेकोटी पेटवलेल्या खोलीत झोपले. धुराडं तुंबलेलं होतं. सकाळी दार तोडलं तेव्हा झोला गेले होते. पत्नी अलेक्झांड्रीन बेशुद्ध होत्या, त्या वाचल्या.

माणसाच्या इंद्रियांना जे कळत नाही ते दुसऱ्या कोणाकडून कळून घ्यायचं, ही कल्पना खाणींतून आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणींतल्या स्फोटांनंतर दगावलेल्या कामगारांचा अभ्यास केला. स्फोटापेक्षा त्यानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने जास्त माणसं मरतात, हे त्यांनी दाखवलं. स्वतः हा वायू मोजूनमापून हुंगून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली. छोट्या प्राण्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असतं, त्यामुळे विष त्यांना आधी बाधतं. म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावेत, असा सल्ला त्यांनी दिला. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी थेट १९८६ पर्यंत होत्या. मग त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली.

आजच्या घरगुती अलार्ममध्ये बहुधा एक छोटी विद्युत-रासायनिक घटपेटी असते. हवेतला कार्बन मोनॉक्साइड तिच्यातल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर आला की त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि त्यातून अत्यंत बारीक वीजप्रवाह निघतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र हा प्रवाह मोजतं आणि वायूचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असं काढतं.

पण प्रमाण वाढलं की लगेच ते ओरडत नाही, आणि अलार्म समजून घेण्यातली ही मेख आहे. ते किती वायू किती वेळ होता याचा हिशेब ठेवतं, कारण रक्तही तोच हिशेब ठेवत असतं. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला अलार्म साठ ते नव्वद मिनिटांत वाजला पाहिजे, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. ३० पीपीएम असेल तर दोन तास तरी वाजता कामा नये. अमेरिकेतलं यूएल २०३४ हे मानक आणखी सबुरीचं आहे. ७० पीपीएमला एक ते चार तास, १५० ला दहा ते पन्नास मिनिटं, ४०० ला चार ते पंधरा मिनिटं. दर वेळी फोडणी करपली म्हणून अलार्म वाजू लागला तर लोक त्याची बॅटरीच काढून ठेवतील, या भीतीपोटी ही सबुरी ठेवली आहे. तिचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. एवढाच होतो की धडधाकट माणूस कोसळावा इतका डोस अजून झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांच्या सरासरीसाठी घालून दिलेली मर्यादा साधारण नऊ पीपीएम आहे, आणि त्या पातळीला हे अलार्म वाजतच नाहीत. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर आकडा दाखवणारा अलार्म घ्यावा. थोडे पैसे जास्त जातील, पण वीस-पंचवीस पीपीएम सतत दिसत असतील तर वाजण्याची वाट न पाहता माणूस बोलावता येईल.

आता हे आकडे घेऊन परत त्या न्हाणीघरात जाऊ. साडेपाच घनमीटरच्या खोलीत ज्योत बिघडली की कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत शेकड्यांनी वाढू शकतो. १६०० पीपीएमला वीस मिनिटांत डोकं दुखून गरगरतं आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. बारा-तेरा हजार पीपीएमला एक ते तीन मिनिटं पुरतात. वाफेने आणि ओलाव्याने अलार्मचा सेन्सर बिघडतो, म्हणून बनवणारे तो न्हाणीघरात लावू नका असं सांगतातच. समजा लावला आणि तो वाजला, तरी साबण लावलेला, शक्ती गेलेला माणूस कडी काढून बाहेर येईलच असं नाही, कारण या विषात पाय आधी जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बंद न्हाणीघरातला गॅस गिझर कोणत्याही अलार्मने सुरक्षित होत नाही. तो बाहेर काढणं हाच उपाय. ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या गॅलरीत गिझर लावून गरम पाण्याची पाइपलाइन आत आणता येते. प्लंबर सहसा तसं सुचवत नाही, कारण नळाच्या शेजारची भिंत त्याला सोयीची पडते आणि पाइप कमी लागतो. तिथे आपणच अडून बसायला हवं.

गिझर बाहेर काढला तरी तो खिडकीखाली नको. खिडकी उघडली की सगळा धूर आत. आणि इमारतीच्या डक्टचा विचार करावा. आपल्याकडे एका रांगेतल्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. खालच्या मजल्यावरच्या गिझरचा धूर त्यात सोडलेला असेल तर तो वर चढून दुसऱ्याच घरात शिरू शकतो. खिडकीच्या काचपट्ट्यांवर कबुतरं येतात म्हणून पत्रा ठोकणं, थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावणं, हे सर्रास चालतं. जिथे ज्योत आहे तिथे तो पत्रा आजच काढायला हवा. एक्झॉस्ट पंखा असेल तर उत्तम, पण त्याला आत येणारी हवाही हवी. दाराखाली फट नसेल तर तो नुसताच फिरत राहतो.

अलार्म कुठे लावायचा हा प्रश्न यानंतरचा. आधी एक गैरसमज दूर करू. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक एलपीजी गळती ओळखणारं असतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. दोन्हींच्या जागाही वेगळ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो फरशीलगत साचतो आणि त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर वर लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. तो जवळजवळ हवेइतकाच असल्यामुळे खोलीभर मिसळतो, आणि गरम धुराबरोबर येतो तेव्हा आधी वर जातो. म्हणून त्याचा अलार्म फरशीजवळ लावण्यात काही अर्थ नाही.

ब्रिटनमधल्या रीतीप्रमाणे, ज्या खोलीत इंधन जळतं तिथे अलार्म त्या उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर, छताला लावला तर भिंतीपासून तीस सेंटिमीटर आत, भिंतीला लावला तर दार-खिडकीच्या चौकटीपेक्षा वर पण छतापासून पंधरा सेंटिमीटर खाली लावतात. शेगडीच्या अगदी डोक्यावर, सिंकवर, पंख्याच्या झोतात, पडद्यामागे, कपाटात किंवा पोटमाळ्यावर तो लावू नये. झोपायच्या खोलीत लावायचा तर उशीला डोकं टेकल्यावर श्वास जिथे घेतो त्या उंचीच्या आसपास. अमेरिकेतल्या नियमांचा भर झोपेवर आहे. प्रत्येक झोपायच्या जागेबाहेर, शयनगृहांच्या अगदी जवळ एक आणि तळघरासह प्रत्येक मजल्यावर एक. माझ्या मते घरात एकच अलार्म घेणं परवडत असेल तर तो शयनगृहाजवळच लावावा. जागा माणूस डोकेदुखी ओळखू शकतो, झोपलेल्याला ती कळत नाही. रात्री शयनगृहाचं दार लावून झोपत असाल तर ते बंद ठेवून एकदा चाचणीचं बटण दाबा आणि आवाज आत उशीपर्यंत पोचतो का ते ऐका.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे यंत्र घराबरोबरच मिळतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅस बॉयलरसारखं इंधन जाळणारं पक्कं उपकरण ज्या खोलीत आहे तिथे अलार्म लावून देणं घरमालकाला बंधनकारक आहे. फक्त गॅसची शेगडी त्यातून वगळली आहे. अमेरिकेत घर तापवणारी फर्नेस अनेक घरांत तळघरात असते, आणि विद्यार्थी भाड्याने घेतात तीही बऱ्याचदा तळघरातलीच खोली. गराज घराला जोडून असेल तर हिवाळ्यात गाडी आत चालू ठेवून ती तापवत बसू नये, गराजचं दार उघडं असलं तरीही. वादळात वीज गेली की लोक जनरेटर आत आणतात, तेही तितकंच घातक. अमेरिकेत आग लागलेली नसताना, नुसत्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने दर वर्षी चारशेहून अधिक माणसं मरतात, असं तिथलं रोग नियंत्रण केंद्र सांगतं. भारतातून आई-वडील मुक्कामाला आले की त्यांना भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीचं काम आणि तिचा आवाज आठवणीने समजावून सांगावा.

आवाजांचा अर्थ फार थोडा शिकायचा आहे. सलग चार टुकटुक, थोडा विराम, पुन्हा चार, हा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा. तीन-तीनचे गट असतील तर ते धुराचं, म्हणजे आगीचं यंत्र आहे. मिनिटाभराने एखादंच ‘टुक’ होत असेल तर बॅटरी संपत आली आहे किंवा यंत्राचं आयुष्य. सेन्सर कायमचा टिकत नाही. पाच ते सात वर्षं, काहींचा दहा. मुदत मागच्या बाजूला छापलेली असते. चाचणीचं बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे भोंगा आणि बॅटरी ठीक आहेत एवढंच कळतं. बहुतेक यंत्रांत सेन्सरची परीक्षा त्यातून होत नाही, म्हणून मुदत संपलेला अलार्म ‘वाजतोय की अजून’ म्हणून ठेवू नये. विकत घेताना वर सांगितलेल्या दोनपैकी एका मानकाची खूण डब्यावर आहे का ते पाहावं.

अलार्म वाजला की खिडक्या उघडून पुन्हा झोपायचं नाही. सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, बाहेरून फोन करायचा. महाराष्ट्रात १०८ किंवा ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. घर मोकळ्या हवेने भरलं की आकडा खाली येतो आणि वाटतं, यंत्र उगाच वाजलं. पण ज्योत तशीच बिघडलेली असते. न्हाणीघरात कोणी पडलं असेल तर दार उघडून किंवा तोडून आधी त्याला बाहेर ओढायचं, दीर्घ श्वास बाहेरच घ्यायचा, आत रेंगाळायचं नाही. गिझर बंद करणं त्यानंतर.

आपल्याकडे आणखी एक जागा आहे, बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या लावून, वारा लागू नये म्हणून पडदे सोडून, कोळशाच्या शेगडीवर ओवा-शेपा टाकून शेक आणि धुरी देण्याची पद्धत कित्येक घरांत अजून आहे. धगधगते कोळसे धूर न करता भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. धूर दिसत नाही म्हणून शेगडी ‘स्वच्छ’ वाटते, आणि खोलीत श्वास घेणारं दुसरं माणूस अवघ्या काही दिवसांचं असतं. शेक द्यायचाच असेल तर शेगडी बाहेर पेटवून कपडा किंवा वाळूची पुरचुंडी तापवून आत आणावी. आज्जी नाराज होतील, पण पटवून दिलं तर ऐकतील.

प्रवासाचीही गोष्ट तीच. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामण इथे केरळहून आलेले आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुलं, थंडीसाठी गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत एका रात्रीत गेले. मनाली, काश्मीर, नेपाळला आपल्याकडून हिवाळ्यात हजारो जण जातात. बॅटरीवरचा छोटा अलार्म हातमोज्यांइतकीच जागा घेतो, तो बॅगेत टाकावा. आणि हॉटेलवाल्याने प्रेमाने आणून दिलेली शेगडी किंवा गॅस हीटर झोपण्याआधी खोलीबाहेर ठेवायला सांगावं.

तुमच्या घरात गॅस गिझर न्हाणीघरातच असेल, तर तो हलेपर्यंत एवढं करा: बादल्या भरून गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा, खिडकी उघडी ठेवा, दाराला आतून कडी घालू नका, आणि गिझरची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली किंवा झाकणावर काजळी धरली तर तो त्या दिवसापासून वापरू नका. आणि येत्या रविवारी प्लंबरला बोलवून गिझर बाहेर काढून घ्या.